परसातलं ग्रीन

शनिवारी दुपारच्या एसटीनं तात्याबा आणि नकुशी दौंडहून निमोण्यात उतरले, आणि त्यांची चाहूल लागताच ज्योतिबा विळा घेऊन मळ्यात निघून गेला. मे महिन्यात मळ्यात कापायला काही नव्हतं. गिताबाईनं नवऱ्याच्या पाठमोऱ्या पटक्याकडं बघितलं, मनातल्या मनात दोन शब्द हासडले आणि पाहुण्यांसाठी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

वाटणीच्या वर्षी तात्याबानं आपल्या वाट्याची मेंढरं थोरल्या भावाला न विचारता विकली होती आणि तो दौंडला रेल्वेच्या कँटीनमध्ये कामाला लागला होता. आजे-पणजे मेंढरांमागं फिरलेलं हे घर. ज्योतिबानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. पुढं दोन वर्षांनी त्यानंही आपली मेंढरं विकून ऊस लावला, पण तोवर अबोल्याची सवय होऊन गेली होती. मेंढरं गेली तरी त्यांच्यावरचं भांडण मात्र दोघांनी दाणापाणी घालून जिवंत ठेवलं होतं. नवरे बोलत नाहीत म्हणून जावाही बोलत नव्हत्या. गिताबाईला यातलं काही पटत नव्हतं, पण नकुशीनं तरी आपण होऊन कुठं ‘आक्का’ म्हणून हाक मारली होती?

या वेळी ते दोघं आले होते ते गिताबाईच्या लेकाच्या, शंभूच्या बोलावण्यावरून. शंभूला आपल्या चुलत्याच्या वाट्यातून एक पाईप न्यायचा होता.

शंभू रांजणगावातल्या एका कंपनीत मेहरोत्रा साहेबांचा ड्रायव्हर. साहेबांना गोल्फचं वेड. दर रविवारी ते पुण्याला खेळायला जात आणि शंभू काठ्यांची पिशवी खांद्याला लावून त्यांच्यामागं उन्हात हिंडे. हिंडता हिंडता त्याला ते गवत, तो उतार, ते पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, याचीच गोडी लागली. अशात साहेबांची बदली चेन्नईला झाली. साहेब म्हणाले, शंभू, तू भी चल, बीवी-बच्चे लेके चल. आणि त्याच दमात असंही म्हणाले, की कंपनीच्या नव्या गेस्ट हाऊसमागं छोटं ग्रीन, म्हणजे चेंडू भोकात घालायची गवताची जागा, करायचंय, पण पुण्याच्या माणसानं केलेलं मागचं ग्रीन पहिल्याच पावसात तुंबलं. शंभूनं तिथंच सांगून टाकलं, “सर, मैं बनाता हूँ. पहले मेरे घर पे सॅम्पल देखो. पानी नहीं रुकेगा.”

सॅम्पल पास झालं तर काम शंभूचं आणि साहेबांच्या ओळखीनं पुढचीही कामं. नापास झालं तर चेन्नई. गिताबाईला गोल्फ कळत नव्हतं, पण चेन्नई कळत होतं. नातवाला पाय फुटले होते, तो तिच्या पदराला धरून चालत होता, आणि तो पुढच्या महिन्यात तिला दिसणार नव्हता. या एका गोष्टीपायी तिनं परसातली जांभळाची सावली, पापड वाळवायची जागा आणि कोंबड्यांचं खुराडं, सगळं मुकाट्यानं खणायला दिलं.

“आये, जमीन अशी एका अंगाला उतरती करायची,” शंभूनं पहिल्या दिवशी समजावलं होतं. “खाली भोकाचा पाईप, त्याच्यावर खडी, खडीवर बारीक कच. चोपून चोपून घट्ट. मग वर प्लास्टिकचं गवत.”

“प्लास्टिकच्या गवताला पाणी कशाला?”

“घालायचं न्हाई. पावसाचं पडंल ते काढायचं.”

“म्हंजी न्हाणीसारखं. उतारानं मोरीत.”

शंभूच्या खिशात फोन वाजत होता. साहेबांची गाडी काढायची होती. “व्हय व्हय, न्हाणीसारखंच समज,” म्हणत तो मोटारसायकलला किक मारून गेला. गिताबाईनं तसंच समजून घेतलं.

तर आता खड्डा झाला, उतार झाला, पाईप पडला. खडी आणि कच शिरूरच्या बद्रुद्दीननं आपल्या ट्रॅक्टरनं आणून टाकली आणि रोलर फिरवून दिला. बद्रुद्दीन हा शंभूच्या शाळेपासूनचा दोस्त, त्याचा पाईप-फिटिंगचा धंदा. उतार निघाला नेमका तात्याबाच्या वाट्याकडं. शंभूनं दौंडला फोन करून चुलत्याला विचारलं, तेव्हा तात्याबा म्हणाला, “समक्ष बघून सांगतो.” समक्ष बघून त्यानं पाच मिनिटांत होकार दिला, पण अटही घातली.

“वैनी, त्यांना सांगा,” तो रिकाम्या ओट्याकडं बघत म्हणाला, “पाईप आपल्या शंभूसाठी हाय. दुसऱ्या कुणासाठी न्हाई.”

“कुणाला सांगू? त्ये मळ्यात गेल्यात.”

“आल्यावर सांगा.”

एवढं बोलून तात्याबा बिरोबाच्या देवळात जाऊन पडला. शंभू साहेबांना आणायला पुण्याच्या विमानतळावर गेला होता, तो उद्या त्यांनाच घेऊन येणार होता. प्लास्टिकचं गवत सकाळी बद्रुद्दीन टेम्पोतून आणून अंथरणार होता. सून स्वप्नाली पोराला निजवत आत गेली. परसात दोघी जावा आणि मधोमध ती उघडी, करडी, चोपलेली जागा एवढंच उरलं.

गिताबाई त्या जागेकडं बघत राहिली. उद्या एवढा मोठा साहेब येणार. दाराला तोरण लागणार, त्यांच्यासाठी मटण शिजणार. आणि ही जागा नुसती धूळ! सणात काय, लग्नात काय, पाहुणा येणार म्हटलं की तिनं कधी उघड्या जमिनीवर कुणाला उभं केलं नव्हतं. वर गालिचा टाकायचा म्हणून खाली घाण ठेवायची, ही रीत कुठली? तिनं पदर खोचला, गोठ्यातून घमेलं भरून शेण आणलं, पांढरी माती कालवली आणि कोपऱ्यातून सारवायला बसली.

नकुशी आपल्या वाट्याच्या बाजूला दगडावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

“पातळ झालाय काला,” ती समोरच्या कोंबडीला म्हणाली. “उद्या भेगा पडत्याल.”

गिताबाईचा हात थांबला. “कोंबडीला सांग म्हणावं,” तीही त्याच कोंबडीला म्हणाली, “चाळीस वर्सं सारवतीय मी.”

“चाळीस वर्सं पातळच सारवलंय. म्हणून तर दर दिवाळीला पोपडं.”

कोंबडी निघून गेली. आता बोलायला मधे कुणीच नव्हतं. नकुशीनं सूप खाली ठेवलं, साडी वर खोचली, तडातडा चालत आली आणि घमेल्यात आणखी दोन मुठी माती टाकून हात घातला. गिताबाई थोडी सरकली, एवढंच.

मग दोघींचे हात चालू लागले. एक डावीकडून, एक उजवीकडून. अर्धगोल, त्याला लागून दुसरा अर्धगोल. नकुशीचा हात अजून तसाच भरभर चाले. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हिच्या सारवणाचं कौतुक केलं होतं आणि गिताबाई दोन दिवस धुमसत होती, ते सगळं तिला आठवलं आणि आज त्याचं हसू आलं.

“कँटीनात किती माणसांचं करता?” तिनं विचारलं.

“आक्का, दोन गाड्या लागल्या का श्वास घ्यायला येळ न्हाई,” नकुशी म्हणाली, आणि ते ‘आक्का’ तिच्या तोंडून इतकं सहज गेलं, की दोघींनाही ते जरा उशिरानं कळलं.

दोघींनी पहिला हात दिला, तो उन्हानं वाळल्यावर दुसरा दिला. लाकडी पाटही इतका गुळगुळीत नसेल. जिथं साहेबांचा चेंडू जायचा, त्या भोकाच्या, म्हणजे गलीच्या तोंडाभोवती नकुशीनं बोटानं बारीक वेल काढला. गिताबाईला गोल्फ म्हणजे मोठ्या माणसांच्या गोट्या वाटत. तिला गलीची सजावट अगदी योग्य वाटली. संध्याकाळी दोघींनी एकाच ताटात भाकरी कुस्करली. हे बघून दोघींचे नवरे दोन वेगळ्या ओट्यांवर बसून सारखेच गोंधळले.

सकाळी नीट उजाडायच्या आतच बद्रुद्दीन टेम्पो घेऊन आला. जमिनीवर पाय ठेवताच त्यानं तो दोनदा आपटून बघितला.

“मावशी, लेव्हल बघा, लेव्हल! काच हाय नुसती,” तो म्हणाला. “परवा रोलर फिरवला तेव्हा मला वाटलंच हुतं, काम मस्त होणार.”

“व्हय बाबा, झालंय खरं मस्त,” गिताबाई म्हणाली आणि नकुशीकडं बघून गालातल्या गालात हसली. स्वतःच्या कामाचं स्वतः काय सांगायचं, म्हणून दोघी गप्प राहिल्या. तात्याबानं हात लावला, गवत अंथरलं गेलं, कडा बसल्या. ज्योतिबा लांबून बघत होता. भावानं धरलेलं टोक वाकडं आहे, हे त्याला दिसत होतं, पण सांगणार कसं? “स्वप्नाली, ते टोक,” तो सुनेला म्हणाला. “तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, दिसतंय मला,” तात्याबानंही सुनेलाच सांगितलं. स्वप्नालीनं कपाळाला हात लावला.

साहेब आले. पांढरी टोपी, पायात पांढरे बूट. शंभू त्यांच्या मागं इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, ओठ सुकलेले. साहेबांनी ग्रीनभोवती एक चक्कर मारली, वाकून उतार बघितला, मान हलवली. काठीनं एक चेंडू सोडला. तो गुळगुळीत जाऊन गलीत पडला आणि गिताबाईनं नकुशीचा हात घट्ट दाबला.

“बढिया,” साहेब म्हणाले. “अब पानी.”

वीज गेलेलीच होती. रविवारी भारनियमन दुपारपर्यंत चाले. शंभू आणि बद्रुद्दीननं पिंप लोटत आणलं आणि एका बाजूनं ओतलं. पाणी पसरलं. सगळे खाली बघू लागले. पाणीही वर बघत तसंच थांबलं.

कडेची प्लास्टिकची पट्टी चांगली उंच होती, म्हणून एक थेंब बाहेर सांडला नाही. उताराच्या अंगाला घोटाभर पाणी साचलं. गल भरली. तिच्यातला चेंडू हलला आणि पुन्हा बसला. शंभू पाईपाच्या तोंडाकडं धावला, गुडघ्यावर बसला, आत बोट घालून बघितलं. पाईप कोरडा ठणठणीत.

“शंभू,” साहेब शांतपणे म्हणाले, “इसमें तो बत्तख पाल सकते हैं.”

त्यांनी घड्याळ बघितलं. शंभूचा चेहरा उतरला तो गिताबाईला बघवेना. चेन्नई, तिच्या मनात आलं. गेलं पोर.

“पाईपाचं तोंड कुणाच्या वाट्यात हाय?” ज्योतिबा ओट्यावरून कडाडला. “रातीत कुणी काय कोंबलं, ते विचारा आधी!”

“वैनी, त्यांना सांगा,” तात्याबा म्हणाला, “मी माझ्या पोराच्या पाईपात बोळा कोंबणारा माणूस न्हाई.”

“न विचारता मेंढरं विकणारा माणूस काय बी करंल!”

“तुमी बी विकली की! त्ये सांगा वैनी त्यांना, त्यांनी बी विकली!”

“माझ्या पाईपाला नाव ठेवू नका कुणी,” मधेच बद्रुद्दीन चिडला. “ऐकून घेणार न्हाई मी. पाईप एक नंबरचा हाय.”

“सर, पाँच मिनिट,” शंभू हात जोडून म्हणत होता. साहेब गाडीकडं वळले होते. तात्याबानं बायकोला हाक मारली, “नकुशे, पिशवी घे. दौंडची गाडी गाठू. पुन्हा या दारात पाय ठेवला तर बघ.” नकुशीनं पिशवी उचलली. डोळे भरून तिनं गिताबाईकडं बघितलं.

गिताबाईला एकदम भयंकर राग आला. कालच मिळालेली जाऊ निघाली, पोरगा निघाला, आणि ही पुरुषमाणसं मेंढरं उकरत बसलीत! आणि वर त्या जमिनीला नावं ठेवतात!

“कुणी काय कोंबलं न्हाई!” ती ओरडली. “पाणी खाली जातंय कशाला? आमी दोघींनी काल दोन हात दिल्यात सारवणाचं! थेंब मुरायचा न्हाई, असं सारवलंय! घरात असं सारवण न्हाई कुणाच्या! पाणी उतारानं कडंनं जाऊ द्या की मोरीत!”

शंभूनं हळूच मान वळवली.

“काय दिलंय?” त्यानं विचारलं.

“सारवण. शेणाचं. पांढरी माती घालून.”

“कुठं?”

“ह्या गवताच्या खाली. आख्ख्या जागेला. उघड्यावर साहेबाला उभा करतोस का?”

बद्रुद्दीननं आधी स्वतःच्या बुटाकडं बघितलं, मग आकाशाकडं. “म्हणून लेव्हल,” तो पुटपुटला. “या अल्लाह, म्हणून लेव्हल.”

शंभू मटकन खाली बसला. “आये, पाणी त्यातनंच झिरपायचं हुतं. वरनं खाली. न्हाणी न्हवं ती.”

“तूच म्हणालास, न्हाणीसारखं समज.”

ते शब्द त्याचेच होते. गिताबाईच्या मात्र आता सगळं ध्यानात आलं. तिनं आपल्या हातांनी बंद केलं होतं ते. पोराच्या कामावर आपण होऊन शेण थापलं, आणि तेही दोनदा!

“एक हात माझा हुता,” नकुशी पिशवी खाली ठेवून म्हणाली. “काला घट्ट मीच केला. आक्काचा पातळ हुता, त्यातनं झिरपलं असतं कदाचित.”

साहेबांनी गाडीच्या दाराशी उभं राहून हिंदीत विचारलं, काय झालं. शंभूनं खाली बघत सांगितलं, “सर, माँ ने और काकी ने... गोबर से लीप दिया. नीचे. आपके सम्मान में.”

“पूरा?”

“दो कोट, सर.”

साहेबांनी टोपी काढली. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, आवाज न करता, मग आवाज करून, मग गाडीच्या बॉनेटला टेकून. डोळे पुसून ते म्हणाले, “मतलब तेरा काम तो अभी टेस्ट ही नहीं हुआ. मैं खाना खाके जाऊँगा. तब तक उखाड़ो.”

मग जे सुरू झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. बद्रुद्दीन आणि शंभूनं गवताची गुंडाळी केली, पाणी उपसलं. ओलं सारवण पोपड्यांनी सुटू लागलं. गिताबाई खुरपं घेऊन बसली. “आये, तू सर बाजूला,” शंभू म्हणाला. ती सरली नाही. तिनं मान खाली घालून आपलेच अर्धगोल एकेक करून खरवडले. नकुशी तिच्या शेजारी, गलीभोवतीचा आपला वेल पुसताना एकदा उसासली. ज्योतिबा ओट्यावर किती वेळ बसणार? तोही उतरला, आणि खुरपं एकच उरलं होतं ते तात्याबाच्या हातात होतं.

“वैनी, त्यांना सांगा, मला घाई न्हाई, खुरपं घ्या म्हणावं.”

“मी कुणाला काय सांगणार न्हाई!” गिताबाई डोळे पुसत खेकसली. “माझ्या तोंडाला फेस आलाय तुमचं निरोप पोचवून. द्यायचं तर द्या हातात.”

तात्याबानं खुरपं पुढं केलं. ज्योतिबानं ते घेतलं. तो खाली बसून खरवडायला लागला.

साहेब आत मटणभाकरी खात होते. स्वप्नाली वाढत होती आणि दर चतकोर भाकरीला बाहेर डोकावून जाई. शेवटी करडी कच पुन्हा उघडी पडली, तिच्यावर कुदळीनं हलके ओरखडे काढून ती मोकळी केली, चोपली, गवत अंथरलं. तात्याबा आपल्या वाट्यात पाईपाच्या तोंडाशी पालथा पडला. साहेब हात पुसत आले. शंभूनं पिंप कलंडवलं.

पाणी पसरलं. क्षणभर थांबलं. मग एखाद्या तहानलेल्या माणसानं घोट घ्यावेत तसं ते गवतात बसत गेलं आणि नुसतं ओलं हिरवं उरलं. पलीकडून मात्र काही आवाज येईना.

“आलं का?” ज्योतिबानं हवेत विचारलं.

“न्हाई अजून.”

“अरे तात्या, नीट बघ की! बोळा काढ डोळ्यांवरचा!”

“बघतोय की दादा! आलं! आलं दादा, आलं! गढूळ येतंय, पण आलं! आता निवळ! दादा, माझ्या तोंडावर येतंय!”

“मग तोंड बाजूला घे, येड्या!” ज्योतिबा धावला. आपण कुणाशी बोललो, हे त्याला भावाचा ओला सदरा धरून उठवल्यावर कळलं, आणि मग तो सोडून द्यायलाही त्याला उशीर झाला.

साहेबांनी ओल्या गवतावर चेंडू टाकला. तो सरळ गेला, गलीच्या तोंडाशी अडखळला आणि पडला. ते वळले. “शंभू, कल गाड़ी की चाबी किसी और को दे देना. गेस्ट हाऊस का नाप लेने आ जाना.” जाता जाता ते गिताबाईपुढं थांबले, हात जोडले. “माताजी, खाना बहुत बढिया. बस, गेस्ट हाऊस की तरफ मत आना.”

साहेब स्वतःच गाडी चालवत गेले. शंभू गाडीची दुसरी चावी हातात घेऊन तसाच उभा होता. गिताबाई पायरीवर बसली होती, कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेली, आणि सकाळपासून अडवलेलं रडू तिच्यानं आता आवरेना.

“आये, रडतीस कशाला? काम आपलंच. साहेब गमतीनं म्हणाले, येऊ नको म्हणून.”

“त्यो काय म्हणायचं ते म्हणू दे. न्हाई जाणार मी.” ती त्याच्याकडं वळली. “तू हितं ऱ्हातोयस नव्हं? पोराला घिऊन?”

“ऱ्हातोय, आये.” तो तिच्या पायांशी बसला. “कुठं जातोय?”

हात भरलेले, त्यामुळं तिला डोळे पुसता येईनात. नकुशी आपला पदर घेऊन पुढं झाली आणि तिनं थोरल्या जावेचा चेहरा हळूहळू पुसला, दोन्ही गाल, हनुवटी, नाक. मग म्हणाली, “आक्का, दौंडची गाडी गेली असंल. चूल पेटवू का?”